गर्भ 'चिकटतो' की 'रुजतो'? सूक्ष्मदर्शकाखाली नेमकं काय दिसतं?

उदगीरी_मास्तर
राम राम मंडळी. मी उदगीरला ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो. गेल्या आठवड्यात बारावीला मानवी प्रजनन चालू होतं. फळ्यावर नेहमीसारखं गर्भाशय काढलं, आत एक गोळा काढला, बाण मारला अन् म्हणलो, सहाव्या-सातव्या दिवशी भ्रूण गर्भाशयाच्या भिंतीला चिकटतो. तर मागच्या बाकावरून एक पोरगी उठली, घरची शेती हाय तिच्या, म्हणली, "सर, चिकटतो म्हणजे म्हशीला गोचीड चिकटती तसा का बी रुजतं तसा? अन् वरच राहतो का आत जातो?"

वर्ग हसला, मी पण हसलो, तेवढ्यात बेल झाली म्हणून सुटलो. पण घरी आल्यावर काही केल्या डोक्यातून जाईना. पंधरा वर्षं झाली शिकवायलोय, पुस्तकात ह्या गोष्टीला अर्धं पान, चित्रात भिंत म्हणजे एक गुलाबी पट्टा, बस. आमच्या लॅबमधल्या स्लाइडी बेडकाच्या अन् कोंबडीच्या, त्याही बुरशी लागलेल्या. माणसाच्या गर्भाशयाच्या अस्तराची स्लाइड मी जन्मात बघितली नाही, खोटं कशाला बोलू. इथं डॉक्टर लोक बरेच आहेत. सोमवारी तास आहे, तोवर सांगा की पोरीला काय उत्तर द्यायचं.

खिचडीकाका
गोचीड! हा हा. त्या पोरीला आत्ताच पास करून टाका मास्तर.

स्लाइडवाली
मास्तर, पोरीला माझी शाबासकी द्या, आमच्या एमडीच्या परीक्षेत पण इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी पॅथॉलॉजिस्ट, संभाजीनगरला असते, दिवसभर डोळा आयपीसवर.

थोडक्यात उत्तर म्हणजे आधी गोचीड, मग बी, आणि मग असं काहीतरी ज्याला गोचिडीचीही उपमा पुरत नाही आणि बियाचीही.

पाचव्या दिवसाचा भ्रूण म्हणजे पोकळ गोळा, ब्लास्टोसिस्ट. शंभर ते दोनशे पेशी, आकार मिलिमीटरचा पाचवा हिस्सासुद्धा जेमतेम. बाहेरून पेशींचा एक थर, तो ट्रोफोब्लास्ट, आत पाणी, आणि एका बाजूला आतून चिकटलेला पेशींचा पुंजका. बाळ होणार ते त्या पुंजक्यातून, बाहेरच्या थरातून वार. ह्या सगळ्यावर एक पारदर्शक कवच असतं, झोना. ते फोडून गोळा बाहेर आल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

आता भिंत. अस्तराच्या वरच्या बाजूला उभट पेशींची एक ओळ असते, एकमेकींना खेटून. अस्तर तयार झालं की ह्या पेशींच्या डोक्यावर फुगवटे येतात, पिनोपोड म्हणतात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली उतू चाललेल्या दुधाच्या बुडबुड्यांसारखे दिसतात. गोळा ज्या बाजूला पुंजका आहे ती बाजू टेकवतो. पहिला स्पर्श एकदम सैल असतो. ट्रोफोब्लास्टवर एल-सिलेक्टिन नावाचं प्रथिन असतं आणि अस्तरावर त्याला जुळणाऱ्या साखरेच्या साखळ्या. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला अडकत-गडगडत थांबतात तीच युक्ती. हे २००३ साली कळलं. इथपर्यंत गोचीड.

पुढं टेकलेल्या जागेवरच्या ट्रोफोब्लास्ट पेशींच्या मधल्या भिंती गायब होतात. पेशी एकमेकींत विरघळतात आणि एकच मोठा लगदा होतो, त्यात केंद्रकं शेकड्यानं. ह्याला सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट म्हणतात. हा लगदा बोटं काढतो, अस्तराच्या दोन पेशींच्या फटीतून आत घुसतो, आणि नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत सगळा गोळा भिंतीच्या आत. वर जे भोक राहतं त्याला रक्ताच्या गुठळीचं बूच बसतं, मग वरची कातडी परत सांधते. म्हणजे पोरीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: वर राहत नाही, आत जातो. पूर्ण पुरला जातो.

खिचडीकाका
ताई, भिंती नाहीत, एकच लगदा, आत केंद्रकं शेकड्यानं. म्हणजे आमच्या हिनं साबुदाणा जास्त भिजवला की जे होतं तेच की. चमचा घातला तर सगळी खिचडी एकदम उचलून येते पण आत दाणे मोजून घ्या.

स्लाइडवाली
काका, तुम्ही चेष्टेत म्हणला पण मी हेच उदाहरण रेसिडेंटांना देणार आता. खरंच तसंच दिसतं.

तिफण
मी शेतकरी माणूस, कंधार तालुका. मला पेशीबिशी कळत नाही पण मास्तर पोरगी बरोबर बोलली, बी रुजणंच हाय ते. अन् बी कधीबी टाकून रुजत नाही. आमच्या काळ्या रानात पाऊस पडल्या पडल्या तिफण घातली तर चिखलात बी कुजतं, अन् चार दिवस उशीर केला तर वरचा थर वाळून खडक. मधी दोन-चार दिवस वापसा असतो तेवढ्यातच पेरायचं. बाईमाणसात पण असा वापसा असतो का?

स्लाइडवाली
तिफणदादा, पुस्तकातल्या 'विंडो'ला इतका चांगला मराठी शब्द मी अजून ऐकला नव्हता. असतो. अठ्ठावीस दिवसांचं चक्र धरलं तर साधारण विसाव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत. त्याच्या आधी अस्तर घेत नाही, नंतर तर नाहीच. आणि हा वापसा आणतं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक. अमेरिकेत काही बायकांची रोजची लघवी तपासून १९९९ साली अभ्यास छापून आला, त्यात टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के बीज सुटल्यापासून आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजलेले, म्हणजे रुजल्याची पहिली खूण लघवीत त्या दिवशी दिसलेली, टेकले त्याच्या थोडं आधीच. त्याहून उशिरा रुजलेले पुढं पडण्याचं प्रमाण वाढत गेलं.

गोदाकाठची_लेक
सगळं वाचलं, छान चाललंय, पण मला हे बी आणि जमिनीचं बोलणं खटकतं आणि खटकतं म्हणून सांगते. आमच्याकडं नांदेडात लग्नात आजही म्हाताऱ्या म्हणतात, जमीन कशी का असंना बियाणं खानदानी पाहिजे. बाई म्हणजे रान आणि पुरुष म्हणजे पेरणारा. त्या पाचव्या दिवसाच्या गोळ्यात अर्धी गुणसूत्रं आईची असतात, बीज म्हणाल तर ते तिचंच. आणि रान काय करतं, पडून असतं. अस्तर पडून असतं का? वर्गात पोरी बसलेल्या आहेत मास्तर, उपमा जपून वापरा.

तिफण
ताई राग नका मानू पण रान पडून असतं हे शेती न केलेला माणूसच म्हणतो.

गोदाकाठची_लेक
हे मात्र मान्य. हा हा. पण मुद्दा सोडत नाही मी.

स्लाइडवाली
लेकीचा मुद्दा मायक्रोस्कोपखाली पण खरा ठरतो. भ्रूण येवो न येवो, माणसात प्रत्येक चक्रात अस्तरातल्या आतल्या पेशी बदलायला लागतात. आधी त्या बारीक, दोन्ही टोकांना निमुळत्या, सुताच्या चातीसारख्या असतात. मग फुगतात, बहुकोनी होतात, ग्लायकोजेन आणि चरबीनं भरतात, एकमेकींच्या कडेला कडा लावून फरशी बसवल्यासारख्या दिसतात. एचअँडई ह्या आमच्या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगांनी रंगवलेल्या स्लाइडवर फिकट गुलाबी, मधे गोल केंद्रक, कडा स्वच्छ. ह्या डेसिड्युअल पेशी. गर्भ राहिला नाही तर हेच सगळं पाळीत गळून जातं. म्हणजे आई आधीच तयारी करून बसलेली असते आणि ही तयारी जितकी स्वागताची तितकीच अडवण्याची. त्या फरशीत तिच्या प्रतिकारशक्तीच्या एनके पेशी पण दाटीनं असतात, शरीरात इतरत्र त्या मारेकरी असतात, इथं मात्र रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात.

अडवणं का लागतं ते बघायचं तर जिथं फरशी नाही तिथं बघा. आधीच्या सिझेरियनच्या वणावर गर्भ रुजला तर तिथं डेसिड्युआ नीट नसतो, मग ट्रोफोब्लास्टला थांबवणारं कुणी नाही, तो थेट स्नायूत घुसतो. बाळंतपणात वार सुटतच नाही. त्यात बायका रक्तस्रावानं जातात. उलट ट्रोफोब्लास्ट कमी खोल गेला, आईच्या पीळदार धमन्या नीट रुंद झाल्या नाहीत, तर पुढं बीपी, झटके, बाळ बारीक. दोन्ही टोकांना धोका.

देवणी_डॉक्टर
गोचीड, म्हैस, वार एवढं सगळं निघालं आणि मला कुणी हाक मारली नाही? मी परभणीच्या पशुवैद्यकीयचा, आता सरकारी दवाखान्यात. मास्तर, वर्गात शेतकऱ्याची लेकरं आहेत ना, मग गायीपासून सुरुवात करा. गायीचा भ्रूण माणसासारखा भिंतीत घुसतच नाही. तो दोन-अडीच आठवडे गर्भाशयातच तरंगतो आणि लांबत जातो, सतराव्या दिवसाच्या आसपास वीतभर लांब दोरा होतो, पण आत बाळ म्हणावं असा भाग टाचणीच्या टोकाएवढा. मग तो गर्भाशयाच्या ठरलेल्या बोंडांना धरतो, शंभरेक बोंडं असतात. बटण अन् काज समजा. म्हणून गाय व्याली की जार आपोआप सुटून पडते, पडली नाही तर आम्हाला फोन येतो, तो पण रात्री दोनला. उंदरात अजून वेगळं. आत पुरून घेण्याचा हट्ट माणसाचा अन् थोड्याच जनावरांचा.

तिफण
डॉक्टर बरं झालं आलात. आमची लाल कंधारी गाय दोन वेळा उलटली, म्हणजे भरवूनबी परत माजावर आली, परवा तिसऱ्यांदा भरवली. भ्रूण तरंगतो म्हणता तर गायीला कसं कळतं की आत कुणी हाय, ती माजावर यायची कशी थांबती?

देवणी_डॉक्टर
तो दोरा एक रसायन सोडतो, इंटरफेरॉन-टाऊ, सोळाव्या दिवसाच्या आसपास. ते पोचलं की पुढचा माज थांबतो. दोरा अशक्त निघाला, रसायन कमी पडलं, तर गाय एकविसाव्या दिवशी उलटते. माणसात तेच काम एचसीजी करतं आणि ते सोडतो वरच्या ताईंनी सांगितलेला साबुदाण्याचा लगदा. मेडिकलवरच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती त्याचीच. एकवीस दिवस वाट बघा, मिनरल मिक्श्चर चालू ठेवा.

वैद्यबुवा
आपल्या प्राचीन ग्रंथांत पहिल्या रात्रीचा 'कलल' आणि सात रात्रींनंतरचा 'बुद्बुद' सांगितलाच आहे. बुद्बुद म्हणजे बुडबुडा, पोकळ. ब्लास्टोसिस्ट दुसरं काय आहे? पाश्चात्त्यांनी नवीन काय शोधलं?

खिचडीकाका
बुवा, आले का. मी कधीचा वाट बघत होतो, इतके प्रतिसाद झाले तरी तुम्ही नाही म्हणल्यावर काळजी वाटली होती.

स्लाइडवाली
बुवा, शब्द सुंदर आहे, आणि निरीक्षण करणाऱ्याबद्दल आदरच आहे. पण मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याचा गोळा डोळ्यानं ठिपका म्हणून दिसला तर नशीब. आत पोकळी आहे, पुंजका एका बाजूला आहे, हे भिंगाशिवाय कळत नाही.

रात्रपाळी_एम्ब्रियो
मूळचा हिंगोलीचा, पुण्यात आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या लॅबला एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, भ्रूण सांभाळायचं काम. एक गोष्ट कुणी सांगितली नाही अजून. हे सगळं माणसात प्रत्यक्ष घडताना कुणालाच बघता येत नाही. पट्टीवर रेघ येते तोवर गोळा भिंतीत जाऊन बसलेला असतो, सोनोग्राफीत तर त्याहून कितीतरी नंतर दिसतो. मग पुस्तकातली चित्रं आली कुठून? बोस्टनला १९३८ पासून पुढं साधारण पंधरा वर्षं हर्टिग आणि रॉक ह्या दोन डॉक्टरांनी, ज्यांचं गर्भाशय काढायचंच ठरलं होतं अशा दोनशेवर बायकांना शरीरसंबंधाच्या तारखा लिहून ठेवायला सांगितल्या, आणि काढलेल्या गर्भाशयांत शोधून ३४ भ्रूण मिळवले. सगळ्यात कोवळा रुजलेला सात-साडेसात दिवसांचा. मास्तर तुम्ही फळ्यावर जे काढता ते तिथून आलंय.

गोदाकाठची_लेक
त्या बायकांना नेमकं माहीत होतं का कशासाठी तारखा लिहायच्या?

रात्रपाळी_एम्ब्रियो
आज जी संमती आपण घेतो, कागदावर, समजावून, तशी नव्हती. आजच्या नियमात ते बसलं नसतं, आणि आमची सगळी विद्या त्याच्यावर उभी आहे. अवघड आहे हे बोलायला.

गोदाकाठची_लेक
अवघड कशाला, आपल्याकडंच बघा. बीडच्या ऊसतोड बायकांची २०१९ ला सरकारी समितीनं चौकशी केली, ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. तिशी-पस्तिशीतल्या कितीतरी. पाळीत खाडा पडला की मुकादमाचा दंड, म्हणून पिशवीच नको. इथं आपण त्या पिशवीच्या अस्तराचे थर मोजायलोत. माझी मावशी त्यातलीच, कुणी तिला एक स्लाइड दाखवली नाही की कागद दाखवला नाही.

स्लाइडवाली
ह्यावर मी काही बोलू शकत नाही. एवढंच सांगते की काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला पाठवायची असते, तपासून लेखी रिपोर्ट घ्यायचा असतो. ज्या पिशव्या आमच्यापर्यंत पोचतच नाहीत त्यांचं काय.

नवीन_पाखरू
ब्लास्टोसिस्टच्या फोटोवरून मुलगा का मुलगी कळतं का?

संपादक
फोटोवरून कळत नाही. आणि १९९४ च्या कायद्यानं विचारायचंही नाही. पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल.

अबोली_लातूर
तीन दिवस नुसती वाचतेय, आज लिहिते. माझ्याकडं तसा एक फोटो आहे, मोबाईलमध्ये. काळा-पांढरा, गोल, कडेला मोत्यांची माळ लावल्यासारखी, एका बाजूला गच्च पुंजका. खाली लिहिलंय चार-ए-ए. लॅबवाली म्हणली एकदम मस्त आहे. मला आणि ह्यांना तो देवघरात ठेवावा असं वाटलं होतं. तो भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतर सासूबाईंनी आठ दिवस खाटेवरून उतरू दिलं नाही, पायाखाली उशी, शिंकायचं नाही. चौदाव्या दिवशी रिपोर्ट, बीटा, म्हणजे रक्तातलं एचसीजी, एकच्या खाली. डॉक्टर म्हणले, भ्रूण चांगला होता पण रुजला नाही. मला तेव्हापासून वाटतंय की मग वाईट मीच. बाथरूमला उठले होते एकदा, तेव्हा पडला असेल का? हसू नका कुणी.

खिचडीकाका
कुणी हसत नाही बाई.

रात्रपाळी_एम्ब्रियो
अबोलीताई, पडत नसतो. गर्भाशय म्हणजे मोकळी पिशवी नाही, पुढची अन् मागची भिंत एकमेकींना टेकलेली असते. गरम भाकरी एकीवर एक ठेवल्या आणि मधे खसखशीचा एक दाणा गेला, आता ताट उभं केलं तरी तो दाणा कुठं जातो? तुमचा गोळा खसखशीपेक्षाही बारीक. चालून, उठून, शिंकून तो हलत नाही. सोडल्यानंतर पडून राहून फायदा होत नाही हे बऱ्याच वेळा तपासून झालंय.

आणि चार-ए-ए म्हणजे काय ते पण सांगतो. चार हा आकडा गोळा किती फुगला त्याचा. पहिला ए आतल्या पुंजक्याचा, दुसरा बाहेरच्या थराचा. ही मोत्यांची माळ म्हणता ना, तोच ट्रोफोब्लास्ट. हे सगळं दिसण्यावरचे मार्क. आतली गुणसूत्रं सेहेचाळीसच्या जागी पंचेचाळीस आहेत का सत्तेचाळीस हे फोटोत दिसत नाही. दिसायला देखणा आणि मोजणीत चुकलेला असे आम्ही रोज बघतो. डॉक्टर 'चांगला होता' म्हणले ते त्या फोटोपुरतं.

स्लाइडवाली
ह्यात भर घालते. आधुनिक उपचार न घेता, घरी, निरोगी बायकांमध्ये काय होतं ते १९८८ च्या अभ्यासात बघितलं होतं, हाही रोजच्या लघवीवरचाच. रुजलेल्यांपैकी ३१ टक्के पुढं टिकले नाहीत, आणि त्यातले बहुतेक त्या बाईला दिवस गेलेत हे कळायच्या आधीच. पाळी दोन दिवस उशिरा आली म्हणून ती कामाला लागली. तुम्हाला फक्त फोटो मिळाला म्हणून कळलं. एक मात्र करा, पुढच्या वेळेच्या आधी अस्तराचा टीबी तपासलाय का विचारा. आपल्याकडं तो खोकला-ताप न दाखवता अस्तरात बसतो, मी वर्षाला अशा स्लाइडी बघते, ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींची बारीक गाठ दिसते, टीबीला औषध आहे.

अबोली_लातूर
कुणी बोललंच नव्हतं टीबीचं. विचारते. ती भाकरीची गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली, त्या म्हणल्या मग आधी कामून नाही सांगितलं ह्या लोकांनी. आणि त्यांनीच चहा केला आज.

उदगीरी_मास्तर
मंडळी, सोमवारचा तास झाला. उशिरा लिहितोय कारण मधे पेपर तपासणी आली.

गोचीड, वापसा, साबुदाणा, भाकरी सगळं वापरलं. लेकीचं ऐकून सुरुवात अर्ध्या-अर्ध्या गुणसूत्रांपासून केली. मग फळ्यावर मोठं चित्र: वर उभट पेशींची ओळ, त्यात भोक, भोकावर बूच, खाली फरशीसारख्या पेशी, मधे गोळा, आणि गोळ्याभोवती लगदा. लगद्यात पोकळ्या काढल्या, नवव्या दिवशी ज्या पडतात अन् पुढं ज्यात आईचं रक्त उतरतं त्या. पोरी-पोरं वहीत काढायला लागली. ती मागच्या बाकावरची हात वर करून बसली. म्हणली, "सर, आईचं तांबड्या खडूनं काढलं, बाळाचं निळ्या, मग लगदा घुसलाय तिथं दोघांच्या मधली रेघ कुठून काढू?"

मी खडू घेऊन फळ्याजवळ गेलो अन् उभाच राहिलो. डॉक्टर, कुठून काढायची?

स्लाइडवाली
मास्तर, परवाच एक केस होती. क्युरेटिंगचा, म्हणजे गर्भाशय खरवडून काढलेला नमुना, चार-पाच मायक्रॉनचे काप. गर्भ गर्भाशयात होता का बीजनळीत, एवढंच सांगायचं होतं मला, आणि ते महत्त्वाचं, कारण नळीतला फुटला तर बाई जाते. नळीत असला तरी अस्तराची फरशी तयार होतेच, म्हणून फक्त फरशी दिसली तर घाबरायचं. मी तासभर शोधत होते. सगळीकडं फिकट गुलाबी फरशी, रक्त, फरशी, रक्त. मग एका कोपऱ्यात जांभळट लगद्याचा एक तुकडा, गडद केंद्रकं गुच्छानं, सीमा नाही, आणि तो आईच्या दोन पेशींच्या मधे असा शिरलेला की ह्याची कड कुठली अन् तिची कुठली हे मलाही सांगता येईना. त्या एका तुकड्यावर मी फोन उचलून सांगितलं, गर्भाशयातच होता. तर रेघ काढू नका. तांबड्या आणि निळ्या खडूनं दोन्ही बाजूंनी एकमेकांत टिंबं टिंबं घाला.

एक गंमत त्या पोरीला जरूर सांगा. लगदा होण्यासाठी पेशी एकमेकींत विरघळवणारं जे प्रथिन लागतं, सिन्सिटिन, त्याचं जनुक मूळचं माणसाचं नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांत घुसलेल्या एका विषाणूचं आहे. २००० साली कळलं.

रात्रपाळी_एम्ब्रियो
आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोनाच्या लोकांनी कोलॅजनच्या जेलमध्ये माणसाचा भ्रूण घुसतानाचं चित्रीकरण छापलं, तो नुसता ढकलत नाही, आजूबाजूचं जाळं स्वतःकडं ओढतो. व्हिडिओ दाखवा वर्गात, प्रोजेक्टर चालत असेल तर.

उदगीरी_मास्तर
प्रोजेक्टर हाय, लाईट नाही. मोबाईलवर दाखवतो चार-चार जणांना बोलावून.

खिचडीकाका
विषाणूचं जनुक? म्हणजे खिचडी बिघडवणारा पण बाहेरूनच आला. घरी सांगतो.

तिफण
देवणी डॉक्टर, काल एकविसावा दिवस गेला. कंधारी उलटली नाही. गप उभी हाय, रवंथ करायलीय.

देवणी_डॉक्टर
नारळ फोडू नका अजून. दोन महिने होऊ द्या, मी येऊन हात घालून बघतो. अन् रात्री दोनला फोन करू नका.